शिस्तीत आटणारा तलाव

१६ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, मोबाइलवर बघून लिहितोय.

रोज दहाला मी नगरपरिषदेत फोन लावतो. पाणीपुरवठा विभाग. रूपाली मॅडम उचलतात. मी पट्टीवर बघून धनाई तलावातल्या पाण्याचा आकडा सांगतो, त्या रजिस्टरला लिहितात, "ठीक" म्हणतात, ठेवतात. जानेवारीपासून हेच चाललंय. आज मी म्हटलं, "सात फूट दहा इंच." त्या म्हणाल्या, "ठीक." आणि फोन ठेवलाच नाही! मग हळूच — "आज तलाव दिसतोय कसा?"

तलाव दिसतोय कसा! रजिस्टरला असा रकानाच नाही! हे त्यांनी स्वतःसाठी विचारलं!

मी काय सांगितलं? "ओला."

गाढव! गाढव! गाढव!

१७ एप्रिल, बुधवार

काल दिवसभर तयारी केली. आज म्हटलं, "मधे हिरवा, कडेला पांढरी रेघ — आईने परातीत पीठ मळून उचललं की राहते ना, तशी." त्या हसल्या. "छान सांगता तुम्ही."

घरी माय म्हणते, "कसाले हसस रे एकला?" सांगितलं नाही. पण भाकरी चार खाल्ल्या.

१९ एप्रिल, शुक्रवार

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकवीस दिवस. भाईदासभाऊंना आत्तापासून घाम फुटलाय. बोटिंगचा ठेका त्यांचा. सात बोटी — सहा बदकं, एक हंस. हंसाची मान मागच्या अखाजीला मोडली, तेव्हापासून तो सायकलच्या ट्यूबने बांधलेला. अखाजीला गावच्या सगळ्या पोरी माहेरी येतात, पुरणाचे मांडे खाऊन चार वाजता सगळं गाव तलावावर. वर्षभराचं त्या एका दिवसात.

पण नियम असा : पाणी सात फुटांखाली गेलं की बोटी बंद, उरलेलं प्यायला. पाचाच्या खाली गेलं की टँकर. मागच्या पावसाळ्याने तर दगाच दिला. रोज अर्धा इंच उतरतंय.

भाऊ रोज तिकीटघराच्या खिडकीत डोकं घालतात. "अखाजीलगून सातना खाले जाऊ देऊ नको रे भो पाण्याले!" जसं काही मी पाण्याला धरून बसलोय!

पण भाऊंना मी उलट बोलत नाही. फैजपूरहून डिप्लोमा सोडून आलो तेव्हा सगळ्या गावाने अक्कल शिकवली. ह्या माणसाने एकट्याने विचारलं, "जेवना का?" आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगून मला इथे रोजंदारीवर चिकटवलं. सकाळी आकडा, दिवसभर तिकिटं.

२१ एप्रिल, रविवार

रविवार. फोन नाही. रविवार कुणी काढला?

बाकी दिवस मजेत. दोंडाईचाहून एक कुटुंब आलेलं, चांगलं भरदार. नवरा-बायको-आजी-दोन पोरं, पाच जण एका बदकात. मी नको म्हणत होतो. तलावाच्या मध्यावर गेले आणि बदक थांबलं. पाय मारतायत, पाणी उडतंय, बदक जागेवर! आजी ओरडते, "मगर शे, मगर!" नवरा म्हणतो, "आई, मगर नही, तूच जड!" मी पोहत गेलो. खाली हात घातला तर खडक. हत्ती खडक! पाण्याखाली चार बोटंसुद्धा नव्हता.

भाऊ काठावर डोकं खाजवत. "पावणेआठ फूट पाणी शे अन् हत्ती टेकस? खडक वाढना का काय रे?"

मी म्हटलं, खडक वाढत नसतो भाऊ. आजी जड होती.

२४ एप्रिल, बुधवार

आकडा सात-सहा. आज हत्तीची पाठ उघडीच पडली! दहाच्या फोनवर मी म्हटलं, "मध्यावर हत्ती बसलाय. त्याच्या पाठीवर बगळा. एका पायावर. डोळे मिटून. अगदी तुमच्या साहेबांसारखा." पलीकडे रूपाली एवढ्या हसल्या की फोन टेबलावर ठेवावा लागला. (साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. सगळं ऑफिसच ड्युटीवर. म्हणून तर हसता येतं.)

संध्याकाळी चुडामणआबा काठीने जमीन टोकत आले. माझ्याआधी चाळीस वर्षं तलावावर हेच होते. निवृत्तीनंतर काठालाच वांगी लावतात. भरिताची, पांढरी-हिरवी, हातभर. नगरपरिषदेने लेखी दिलंय — दिवसाला एक तास मोटर. आबा एक तास म्हणजे एकच तास लावतात, घड्याळ हातात धरून.

हत्तीकडे बघत उभे राहिले. मग —

"तुन्ही पट्टी काय म्हनस?"

"साडेसात, आबा."

"हत्ती साडेपाच फुटले पाठ दखाडस. चाळीस वरीस देखेल शे मी." मग, "पट्टी कोनी रंगाडी?"

"मी."

आबा "हं" म्हणाले. एक वांगं माझ्या हातात दिलं आणि गेले. मला रागच आला. म्हाताऱ्यांना वाटतं, त्यांच्या काळातले खडकसुद्धा जास्त शहाणे होते!

२६ एप्रिल, शुक्रवार

आबा बरोबर. मी चूक. पूर्ण चूक. हे फक्त ह्या वहीत.

मागच्या उन्हाळ्यात तलावाचं सुशोभीकरण झालं. रंगाऱ्याने जॅकवेलच्या, म्हणजे पंपाच्या विहिरीच्या, बाहेरच्या भिंतीवरची जुनी पट्टी मिटवून तिथे डॉल्फिन काढले. आमच्या तलावात डॉल्फिन! पावसाळाभर आकडा घेतलाच गेला नाही. डिसेंबरात मी लागलो तेव्हा साहेब म्हणाले, तुम्ही सिव्हिलचे ना? रंगवा नवीन पट्टी.

रंगवली. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच नव्हता. गावात शेंबडं पोरही सांगेल — धनाईचे पाय भिजले की दहा फूट. माझा आजा सांगायचा, त्याचा आजाही सांगत असणार. घाटाच्या पायरीवर देवीचा शेंदरी दगड. तिच्या पायाशी पाणी भरलेली लेव्हलची नळी लावली, जॅकवेलच्या आतल्या भिंतीवर दहा लिहिलं, तिथून खाली एकेक फूट. फार छान आकडे काढले मी.

आज भर दुपारी जाऊन धनाईसमोर बसलो. आणि दिसलं. देवी तिच्या जागेवर नाहीच! वर, जिथे सेल्फीसाठी ती लाल अक्षरं उभी केलीत, 'आय लव्ह धनाई' — त्यातल्या 'आय'च्या बुडाशी दगडात चौकोनी खाच. जुना शेंदूर अजून आहे खाचेत. अक्षरांना जागा हवी म्हणून ठेकेदाराने देवीला तीन पायऱ्या खाली बसवलं! नारळ फोडून, वाजतगाजत. मीसुद्धा प्रसाद खाल्ला होता की!

तीन पायऱ्या. पायरी आठ इंचांची. दोन फूट.

म्हणजे मी सांगतो त्याहून तलावात दोन फूट पाणी कमी. आज साडेसातला इंच कमी नाही — साडेपाचला इंच कमी. पंप चार फुटांवर चिखल ओढायला लागतो. ऑफिसला वाटतंय, जुलै निघेल. मे निघायचा नाही!

फैजपूरला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला सर ओरडले होते, "आधी बेंचमार्क तपास! तो हलला असेल तर पुढचं सगळं खोटं!" मी ओरडलो, "दगड काय पायाने चालत जातो का?" आणि हातातली मापाची काठी आपटून वर्गाबाहेर. परत गेलोच नाही. एवढ्यावरून सुटलं कॉलेज.

दगड चालत जातो, सर. नारळ फोडला की जातो.

२७ एप्रिल, शनिवार

सकाळभर विचार. सांगितलं तर नोकरी गेली. नोकरी गेली तर दहाचा फोन गेला. आणि रूपाली काय म्हणतील? चार महिने रोज एवढ्या ऐटीत खोटा आकडा सांगणारा!

पण गावाचं पाणी. ते दडवून चालणार नाही. तेवढा हलकट मी नाही.

तेव्हा सुचलं! पट्टी जॅकवेलच्या आतल्या अंगाला. कुलूप, किल्ली माझ्याकडे. मी सांगीन तो आकडा. रोज खरा उतार अर्धा इंच, त्यात मी दोन जास्त सांगायचे. रोज अडीच. बारा दिवसांत खोटा आकडा खऱ्याला जाऊन मिळेल, टँकर वेळेवर येतील, आणि कुणाला कळणारही नाही! बोटी मात्र अखाजीआधी बंद होतील. पण त्या तशाही व्हायलाच हव्यात — खरं तर केव्हाच व्हायला हव्या होत्या.

"सात फूट अडीच इंच," म्हणालो.

"आज बराच उतरला," रूपाली म्हणाल्या.

"ऊन फार."

२९ एप्रिल, सोमवार

सहा फूट साडेनऊ. फळ्यावर लिहिलं. बोटिंग बंदची पाटी मीच टांगली.

भाऊंनी सातही बोटी ओढून काठावर पालथ्या घातल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." हंसाची मान पुन्हा सुटली. भाऊ तिला ट्यूब बांधत बसले — कशासाठी कोण जाणे.

३ मे, शुक्रवार

रूपाली रोज विचारतात, दिसतोय कसा. मी रोज सांगतो. आज सांगितलं : काठावरच्या चिखलाला भेगा, भेगांत बेडकं, आणि बेडकांची नजर माझ्यावर. एरवी हसल्या असत्या.

म्हणाल्या, "साहेब विचारत होते, एवढं पाणी जातंय कुठे. म्हणतात, कुणीतरी ओढतंय."

४ मे, शनिवार

भाऊंनाही तेच वाटतंय. "रोज अडीच इंच? हाई ऊननं काम नही. कोन पाणी चोरस, मी देखस आते!" दिवसभर पायात चप्पल नाही, तलावाला फेऱ्या घालतायत. तलावाला मोटर एकच. आबांची.

मी म्हटलं, "भाऊ, आबा तासभरच लावतात."

"तू देखस का रातले?"

वाद झाला. मोठा. मी स्टूल लाथेने उडवलं. खरं तर लाथ मलाच बसायला हवी होती.

७ मे, मंगळवार

नगरपरिषदेचं पथक आलं. अर्ज भाईदासभाऊंचा. आबांची मोटर उचलली, पाइप गुंडाळला. पंचनाम्याला काठावर पन्नास माणसं. कुणीतरी म्हणालं, "चाळीस वरीस तलाव राख्या, आते पियी ऱ्हायना!" हशा पिकला.

आबा वांग्यांत उभे. त्यांना ठाऊक आहे! त्यांनी तर मला हत्ती दाखवला! एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जसं त्या दिवशी वांगं हातात दिलं, तसं.

मी मान खाली घातली.

८ मे, बुधवार

आज बारावा दिवस. चार फूट अकरा इंच. खोटा आकडा खऱ्याला मिळाला! आजपासून मी पुन्हा खरा माणूस. सकाळी जॅकवेलवर उभा राहून शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. वाजली नाही.

दहाचा फोन.

"चार फूट अकरा."

"ठीक." मग बराच वेळ कागदांचा आवाज. "कुंदन, एक विचारू? सत्तावीस तारखेपासून रोज अडीच इंच. ऊन असो, आभाळ असो. सुट्टीचे आकडे तुम्ही मागून दिलेत, तेही अडीचच. तलाव इतका शिस्तीत आटतो का हो?"

मी म्हटलं, "ऊन फार आहे."

"ऊन चोवीसलाही होतं. तेव्हा अर्धाच इंच. आणि शेऱ्यात बघा — 'हत्ती खडक उघडा. पाठीवर बगळा. एका पायावर.' माझे आजोबा याच तलावावर मासे धरायचे, कुंदन. हत्ती कधी उघडा पडतो, ते मलाही माहीत आहे."

शेरा! रजिस्टरच्या शेवटी एक रकाना असतो शेऱ्याचा. चार महिने कोरा होता. सोळा एप्रिलपासून त्या माझं सगळं बोलणं त्यात लिहीत होत्या. परात. बगळा. बेडकं. पहिल्या दिवशी, म्हणाल्या, नुसतंच 'ओला' आहे.

मी फोन कापला. हो, कापला! तिचा फोन!

दुपारी भाऊ आले. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसत होते. "देखजो कुंदन, मोटर गई ना? आते उद्यापासून पाणी थांबी!"

थांबणारच की! उद्यापासून मी खरा आकडा सांगणार — अर्धाच इंच. सगळं गाव म्हणेल, बघा, म्हाताऱ्याची मोटर उचलली आणि तलाव आटायचा थांबला. माझ्या खऱ्या आकड्याने आबा चोर ठरणार! खोट्याने नुसता संशय आला होता. खऱ्याने शिक्कामोर्तब होणार. आणि ते रोज सकाळी दहाला मीच करणार, तिलाच सांगून.

असं गणित मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नसतं.

चारला पुन्हा फोन लावला. सगळं सांगितलं. धनाईच्या तीन पायऱ्या, 'आय'च्या बुडाची खाच, दोन फूट, रोजचे दोन इंच. एका दमात.

"माझी नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाईल."

एवढंच! गोड करून सांगणं नाही, काही नाही.

मग म्हणाली, "हे फोनवर नाही चालायचं. रजिस्टरला लेखी लागतं. उद्या दहाला साहेब आहेत. तू स्वतः घेऊन ये."

तू!

जानेवारीपासून तुम्ही, तुम्ही, तुम्ही — आणि आज, मी सगळ्यात वाईट ठरलो त्या मिनिटाला, तू! मी अर्ज लिहायला घेतला. तीनदा फाडला. तिन्ही वेळा 'महोदय'च्या जागी तिचं नाव आलं.

९ मे, गुरुवार

सकाळचे पावणेनऊ. उद्या अखाजी.

उजाडताच तिकीटघराबाहेरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं : पाणी चार फूट साडेदहा इंच. पट्टी मी चुकीची रंगवली. चूक झाकायला रोज दोन इंच जास्त सांगितले. पाणी कुणी चोरलेलं नाही. — कुंदन. फिरायला आलेल्यांनी वाचलं, आता गावभर झालं असेल. जॅकवेलची किल्ली आबांच्या ओट्यावर ठेवून आलो. आबा चहा पीत होते. म्हणाले, "बशी घे." अर्धा चहा ओतून दिला.

भाऊ आले. फळा वाचला. पुन्हा वाचला. मला जी शिवी दिली ती मायच्या घरात ही वही राहणार म्हणून लिहीत नाही. मग तडक आबांच्या वांग्यांकडे गेले. लांबून दिसलं, टोपी काढली त्यांनी. आबांनी त्यांनाही बशीच दिली.

परत आले ते पालथ्या बोटींजवळ उभे राहिले, मग वर काठावरच्या लिंबाकडे बघत राहिले. अखाजीला झोके तर लागतातच.

"काय रे चोट्टा," म्हणाले, "लिंबनी फांदी हंस झेली का?"

मी म्हटलं, झेलील, भाऊ. झोक्याचा दोर मी आणतो. पण आधी दहाचं काम आहे.

अर्ज खिशात. शर्ट इस्त्रीचा. आज फोन करायचा नाही, स्वतः जायचं. तिने विचारलं, तलाव दिसतोय कसा, तर ह्या वेळी समोर उभं राहून सांगायचं : जेवढा आहे तेवढा.

चाललो. दार ओढून घेतो.